आयडेलाच्या गालाचा तुकडा

जाहिरातींतले चेहरे संगणकावर नितळ करायची लुवेनियाची एक रीत होती. वारलेल्या धाकट्या बहिणीच्या, आयडेलाच्या फोटोतून गालाचा नखाएवढा तुकडा तिने कापून ठेवला होता. कुणाच्या चेहऱ्यावर डाग दिसला की ती तो तुकडा त्यावर बसवायची. त्यात कांजिण्यांचा एक बारीकसा खळगा होता; तेवढा तिने कधी पुसला नाही. अटलांटातल्या कितीतरी फलकांवर आयडेला अशी थोडी थोडी उरली होती.

रविवारी पाद्रीबुवांनी गात गात विचारलं होतं, "बाई, देवासमोर कोणता चेहरा घेऊन जाशील?" ते सूर तिच्या मनातून जाईनात. सोमवारी क्रीमच्या जाहिरातीवर 'या फोटोत काहीही बदललेलं नाही' असं छापायचं ठरलं, तेव्हा म्हणूनच तिला हायसं वाटलं.

"आता बसून पगार खा," मालकीण डेल्फीन हसली. "नुसतं बघायचं आणि काही बदललं नाही म्हणून सही करायची."

फोटो थेट कॅमेऱ्यातून आला होता. मुलगी अनोळखी होती. लुवेनियाने गाल मोठा करून पाहिला. तोच खळगा तिथे होता.

"यात काही केलंस का गं?" डेल्फीनने विचारलं.

"देवाशपथ, हातसुद्धा लावला नाही."

"मग कर सही. ती पोरगी आलीय, तुलाच भेटायचंय म्हणते."

मुलगी आत आली, टेबलाशी वाकली आणि सहीच्या कागदावर तिने अलगद हात ठेवला.

"आधी खरं सांग, ताई," ती हळूच म्हणाली. "माझा बाकीचा चेहरा कुठे ठेवलास?"