तानुबाईंचा सत्याग्रह

"कोणी काय खावं हे शिकाले मद्रासच्या कॉलेजात काऊन जा लागते? घरात दिसत नाही का?" एवढं बोलून डोणगावच्या उत्तमराव देशमुखांनी लेकीच्या आहारशास्त्राच्या पदवीचा विषय संपवला. शरयू रडत माडीवर निघून गेली.

तिच्या आईनं, तानुबाईंनी, मात्र मनाशी पक्कं केलं. त्या दिवसांत लोक सरकारशी भांडायला अन्न सोडत. त्यांनी नवऱ्याशी भांडायला सोडलं. ते हो म्हणेपर्यंत घास घ्यायचा नाही. बोलून दाखवायची गरज त्यांना वाटली नाही. घरची बाई उपाशी आहे म्हटल्यावर घर आपोआप जागं होईल, असाच त्यांचा हिशेब होता.

घर काही जागं झालं नाही. भाकरी वेळेवर थापल्या जात होत्या, ताटं वाढली जात होती. तानुबाई सगळ्यांच्या मागून चुलीपाशी एकट्याच जेवायच्या, त्यामुळे त्यांचं ताट कोणी कधी पाहिलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी वाढता वाढता त्या भोवळ येऊन खाली बसल्या, तेव्हा कुठे खरं काय ते बाहेर आलं.

उत्तमराव घाबरले. "अवं, सांगायचं तरी!" मग लेकीवर उखडले. "मले नाही समजलं, पण तू तं दिवसभर घरातच होती. तुले बी दिसलं नाही?"

आईच्या ओठांना गूळपाण्याचा पेला लावणाऱ्या शरयूची मान खाली गेली.

तानुबाईंनी पेला बाजूला सारला. "तिच्यावर काऊन खेकसता? म्हणूनच तं म्हणते, शिकू द्या तिले."