रिकाम्या हातांनी

चाळिसाव्या मजल्यावरून खाली जायला लिफ्ट होती, पण ती फक्त साहेब-मुकादमांसाठी. मजूर सुट्टी झाली की कमरेचा पट्टा चालू करून कठड्यावरून सरळ उडी टाकत. पट्ट्याने अंग मुंगीइतकं हलकं होई, आणि मुंगी कितीही उंचावरून पडली तरी तिला काही होत नाही. वाऱ्याने उडवून नेऊ नये म्हणून जो तो छातीशी अर्धी वीट धरायचा. कालपासून मुकादम धुमाळने ते बंद केलं होतं. "रोज विटा पळवता काय रे?"

आज केराबाईच्या नवऱ्याने रिकाम्या हातांनी उडी टाकली. वाऱ्याने त्याला खाडीवर नेलं, आणि तो दिसेनासा झाला.

"माझा माणूस कुठाय?" त्याच्याबरोबरच कामाला असलेल्या केराबाईने वरच्या मजल्यावरच धुमाळला गाठलं.

"मला काय विचारतेस? तो पडला का? पडलाच नाही, तर अपघात कसला?"

धुमाळ लिफ्टकडे वळला. दारासमोर सगळे मजूर उभे होते. प्रत्येकाच्या हातात अर्धी वीट होती.

केराबाईने आपला पट्टा सोडून त्याच्यापुढे धरला.

"बांधा, मुकादम. वारा अजून तसाच आहे."