मधला थर

"माझ्या एकटीच्याच नाकाला गोणपाट बांधलंय का गं? धाकट्याचा मास्क बघ, कसा फुलासारखा हलका! म्हातारीचा जीव कोंडला तरी चालतो या घरात."

सासूबाई मास्क हनुवटीखाली ओढून कुरकुरत होत्या. मशीनवरचा थोरल्या सुनेचा पाय थांबला.

"नवा आहे तुमचा, आई. वापरून मऊ होईल," ती म्हणाली आणि पाय पुन्हा चालू केला.

सकाळचे आठ वाजले होते, तरी घरात दिवा लावावा लागला होता. डोंगरावरचं जंगल तीन आठवडे जळत होतं. खिडक्यांच्या फटींना ओल्या चादरी, दाराशी ओलं पोतं, आणि तरीही जिभेवर राख. वणव्याच्या दिवसांत दुकानातले मास्क दर वर्षी दोन दिवसांत संपत. मग अख्खी गल्ली थोरलीच्या शिलाईवर श्वास घेई. बाहेरून सुती कापड, आतून मऊ अस्तर आणि मध्ये दाट फिल्टरचा थर. मास्क म्हणजे खरा तो मधला थर, बाकी नुसती शोभा. मास्क एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकाच्या कोपऱ्यात ती वेगळ्या रंगाचा टाका घाली. सासूबाईंचा निळा. धाकट्या दिराचा काळा.

काळ्या टाक्याच्या मास्कात मधला थर नव्हता.

धाकटा वणवा विझवणाऱ्या टोळीचा मुकादम. थोरलीचा नवरा त्याच टोळीत, धाकट्या भावाच्या हाताखाली. "घरी मी दादा, डोंगरावर तो साहेब," असं म्हणून हसायचा. मागच्या वर्षी टोळीतले अकरा जण घरी आले. बारावा तो. सापडला तो वर, पाण्याच्या पंपाशेजारी. सगळे म्हणाले, वारा फिरला. कागदावरही वाराच फिरला. समाचाराला जो येई तो वाऱ्याच्या नावाने बोटं मोडी आणि चहा पिऊन जाई.

थोरलीने कुणाला काही विचारलं नाही. विसरलेली छत्री आणायलासुद्धा जो माणूस कधी मागे वळला नाही, तो पंपासाठी जळता डोंगर आपण होऊन चढेल? वर जा म्हणायचा अधिकार एकाच माणसाचा होता. आणि तो माणूस वर्षभर तिच्यासमोर बसून, मान खाली घालून जेवत होता. पंप धुऊनपुसून पुन्हा कामाला लागला होता.

ती भांडली नाही. भांडायला तोंड लागतं. तिच्याकडे कात्री होती.

आता धाकटा खोकायचा. आधी कोरडा, मग छातीच्या तळातून. भिंतीपलीकडचा प्रत्येक ठसका ऐकून ती मनात म्हणे, खोक. अजून खोक. आणि सकाळी उठून गुळण्यांसाठी त्यालाच मिठाचं गरम पाणी देई. सूड घ्यायचा म्हणून माणसाने रीतभात थोडीच सोडायची?

धास्ती होती ती एकाच गोष्टीची. डोंगरावर निघण्याआधी टोळीतला प्रत्येक जण मास्क बांधून काडी पेटवी आणि फुंकर मारी. काडी विझली नाही तर मास्क चांगला. विझली तर फेकून द्यायचा. ही परीक्षा तिला नवऱ्यानेच दाखवली होती, तिने शिवलेला पहिलावहिला मास्क तोंडाला बांधून. गाल फुगवून फुगवून दमला बिचारा, काडी जळत बोटांपर्यंत आली, पण विझेना. "पास!" म्हणून ओरडला होता. मुकादम मात्र दुसऱ्यांच्या काड्या बघतो, त्याची कोण बघणार? अशी ती स्वतःची समजूत घाली.

धाकटा आतून खोकत, सदऱ्याची बटणं लावत बाहेर आला. तेवढ्यात सासूबाईंनी खुंटीवरचा त्याचा मास्क काढून कानांमागे अडकवलासुद्धा.

"दवाखान्यात जायचंय मला. आज हा मी घालणार. तू माझा घे."

थोरली ताडकन उठली. कात्री खणकन खाली पडली. "आई, तो नको! द्या इकडे."

"का गं? सोन्याचा आहे?"

एक खरं सांगावं तर सगळंच सांगावं लागणार. सासूबाई दाराकडे निघाल्या. पोतं पायाने सारून त्यांनी कडीला हात घातला.

धाकटा पुढे झाला. आईच्या कानांमागची दोरी त्याने हलक्या हाताने सोडवली.

"तो माझा आहे, आई."

त्याने मास्क स्वतःच्या तोंडाला बांधला. खिशातून काडेपेटी काढली, काडी ओढली आणि थोरलीच्या समोर धरली. फुंकर अगदी हलकी मारली, लहान मुलाच्या डोळ्यातलं कुसळ काढताना मारतात तशी. काडी विझली.

"रोज सकाळी विझते, वहिनी," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

थोरलीने मशीनची कड धरली.

"काय विझते रे? कोड्यात काय बोलता?" सासूबाई एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघू लागल्या. "तो मेला वारा फिरला, तेव्हापासून या घरात कुणी धड बोलतच नाही."

धाकट्याने मास्क खाली ओढला. खोकला आला, तो त्याने दाबला नाही.

"वारा नव्हता, आई. दादा खाली आला होता, माझ्यापाशी उभा होता. पंपासाठी मीच त्याला परत पाठवलं."