शेजारच्या सीटचं माप

"फोटो काढायला बसल्यासारखं नका बसू, साहेब," मावशी म्हणाल्या. "सैल बसा. ताठ माणसाचं माप घेता येत नाही."

पंपवाल्यांनी सैल बसायचा प्रयत्न केला आणि ते आणखीच ताठ झाले.

त्यांची पाण्याचे पंप बनवायची कंपनी होती, म्हणून इथे सगळे त्यांना पंपवालेच म्हणत. इथे म्हणजे या शेडमध्ये, जिथे गाड्या हाताने घडवत. दिसायला पणजोबांच्या काळातल्या, पोटात इंजिन मात्र कालपरवाचं. मडगार्डं फुगीर, दिवे ताटाएवढे, आणि बॉनेट इतकं लांब की गाडीचं नाक चौकात पोचलं तरी मालक अजून गल्लीतच. असली गाडी घेणाऱ्याला घाई नसते. घाई असली तरी तिला इथे कोणी भीक घालत नाही.

पंपवाल्यांच्या गाडीला अजून रंग लागला नव्हता. उघडा पत्रा आणि दोन लाकडी सीटा, एवढाच संसार. बसणाऱ्याच्या पाठीमागे फळीवर खडूने खुणा करायच्या आणि त्यावरून स्पंज कापायचा, हे मावशींचं काम. मग ती सीट त्या एका माणसाला सुखाची होते, दुसऱ्याला टोचते. माप त्या नेहमी दोघांचं एकदम घेत. दोघं शेजारी बसली की थोड्या वेळाने आपसात बोलू लागतात, कुरबुरतात, एकमेकांकडे वळतात आणि माप चाललंय हेच विसरतात. तेवढ्यात मावशी मागून खडू ओढून मोकळ्या. नवरा-बायको असतील तर काम झटक्यात उरकतं, असं त्यांचं म्हणणं. भांडताना माणूस अगदी घरच्यासारखा बसतो.

आज पंपवाल्यांची मुलगी यायची होती. दुसरी सीट तिच्यासाठीच होती. मागची सीट तर त्यांनी पहिल्याच दिवशी काढून टाकायला लावली होती. "आम्ही दोघंच फिरणार," हे त्यांनी गाडीचा आराखडा काढणाऱ्यापासून पत्रा ठोकणाऱ्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालं होतं. काहींना दोनदा.

फोन वाजला. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते स्पीकर लावूनच बोलत.

"बाबा, मी नाही येत."

"अगं, पाच मिनिटांचं काम आहे. स्टेशनवर उतरलीस की थेट इकडेच ये."

"उतरतेय कुठे? मी निघालेच नाही."

"बरं, मग पुढच्या आठवड्यात ये. ही माणसं थांबतील. गाडी काय झालीय म्हणून सांगू तुला, नुसता पत्रा असून..."

"बघ, परत गाडी. तू मला भेटायला बोलावतच नाहीस, बाबा. गाडी दाखवायला बोलावतोस. ती सीट दुसऱ्या कुणाच्या तरी मापाची कर."

शेडमध्ये सगळ्यांनी ऐकलं. पत्रा ठोकणाऱ्याने घाईघाईने हातोडी उचलली आणि केव्हाच सरळ झालेला पत्रा पुन्हा ठोकायला घेतला.

"बरं," पंपवाले म्हणाले. फोन बंद झाल्यावर आणखी एकदा म्हणाले. त्यांना फार वाईट वाटलं होतं, आणि चारचौघांत वाटलं म्हणून जास्तच. नुसत्या पत्र्यावरून ते बराच वेळ हात फिरवत राहिले.

"माप पुढच्या खेपेला घेऊ," मावशी म्हणाल्या.

"कुणाचं घेणार?"

ते खाली उतरले. त्या लांबलचक बॉनेटला वळसा घालून पलीकडे जायला त्यांना जरा वेळच लागला. मुलीच्या बाजूच्या सीटवर ते बसले.

"इथलंही माझंच घ्या."

"दोन्हीकडे तुम्हीच?"

"मग काय करू, बाई? सगळ्यांना सांगून बसलोय. रिकामी फळी घेऊन फिरू का?"

मावशी खडू घेऊन त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. पाठ अशी ताठ होती की फळीला नुसती मधेच टेकत होती. असं माप घेतलं असतं तर सीट कुणाच्याच कामाची झाली नसती.

"काहीतरी बोला, साहेब. त्याशिवाय खांदे खाली यायचे नाहीत."

"कुणाशी बोलू?"

मावशींनी स्टिअरिंगसमोरच्या सीटकडे बोट केलं. "इथे कुणी हसत नाही."

पंपवाल्यांनी इकडेतिकडे बघितलं. प्रत्येक जण आपापल्या कामात मान घालून होता. त्यांनी घसा खाकरला.

"जेवलीस का?" ते हळूच म्हणाले.

मग थोडं थांबून, जरा त्या बाजूला वळून, "ऑफिसातली ती बाई अजून त्रास देते का गं तुला? नाव विसरलो बघ मी. तू सांगितलं होतंस, माझंच लक्ष नव्हतं."

त्यांचा एक खांदा खाली आला. मावशींनी खूण केली.

"आणि पाठ दुखते म्हणत होतीस, त्याचं काय झालं? दाखवलंस का कुणाला? मला विचारायचं होतं. फोनवर काय होतं, मी भलतंच बोलत बसतो आणि तू ठेवून देतेस."

दुसरा खांदाही उतरला. मान सुटली, कंबर फळीला टेकली. मावशींनी भराभर खुणा केल्या. माप मिळालं होतं, पण तसं त्या म्हणाल्या नाहीत.

"रात्री झोप लागते का नीट?" पंपवाल्यांनी विचारलं, आणि तिला बोलू द्यावं म्हणून ते गप्प राहिले.