कणकेतली पावडर

शिफाने डब्यातून मोठा चमचा भरून पावडर काढली, परातीतल्या कणकेवर पसरली आणि दोन्ही मुठींनी दाबून आत जिरवू लागली. वरून दुधाची साय घातली. कणीक हाताला चिकटली तेव्हा चिमूटभर कोरडं पीठ भुरभुरलं. आठ वर्षांच्या मुलीच्या मानाने हात सराईत होते. सकाळी आई वर्गाला गेली की कणीक तीच मळायची.

दारात तिची आई हुमेरा उभी होती. चपला अजून हातातच होत्या. योगाच्या वर्गातून ती आज मधूनच उठून आली होती.

घोरावाडी स्टेशनमागच्या शाळेत सकाळी वर्ग भरायचा. आज वजनकाट्याकडे बघून अनिता मॅडम म्हणाल्या होत्या, "हुमेरा, काय खातेस ते मला नको सांगू. स्वतःला खरं सांग. सत्य तिथून सुरू होतं." मागच्या दोघी-तिघी हसल्या. आधी उतरलेलं वजन पुन्हा चढलं होतं. रक्तातली साखरही. डॉक्टरांनी तर स्पष्टच बजावलं होतं, "आधी डोळे जातील, मग किडनी. मुलीला तुमच्याशिवाय आहे कोण?" तेव्हापासून जिना चढताना धाप लागली तरी तिला वाटायचं, हेच ते, डॉक्टर म्हणाले ते.

आणि खायची ती मोजून दोन चपात्या. आपलं अंगच आपल्याला फसवतंय, असं ती धरून चालली होती.

आता तिने डबा ओळखला. तो तौसिफच्या उशाशी असायचा. नवऱ्याने शेवटी शेवटी अंग धरावं म्हणून आणलेली पावडर. तौसिफ गेला, डबा फळीवर राहिला.

"शिफा!"

चमचा परातीच्या कडेवरून खाली पडला. हुमेराचा हात वर गेला होता. शिफाने डोळे घट्ट मिटले, पण मागे सरली नाही.

राग आला की आधी श्वास पूर्ण सोडा, मॅडम सांगायच्या. मार हाताच्या आधी श्वासात येतो, अहिंसा तिथे पाळायची. वर्गात सतरंजीवर बसून हे सोपं वाटायचं. हुमेराचा हात वरच राहिला. तिने श्वास सोडला. आत काही उरलं नाही इतका सोडला. मग हात खाली आला.

"कधीपासून घालतेस हे?"

"तू बारीक व्हायला लागलीस तेव्हापासून."

"अगं, मला बारीक व्हायचंच आहे! साखर आहे मला. हे असलं खाऊन मी एक दिवस..." पुढचं तिने गिळलं.

"अब्बूपण बारीक झाले होते."

"ते आजारी होते, बाळा."

"आधी नव्हते. आधी नुसती अर्धी चपाती ताटात ठेवायचे. म्हणायचे, पोटात जागा नाही." शिफा बोटांची कणीक सोलत बोलत होती. "आता तू ठेवतेस. म्हणतेस, मॅडमनी सांगितलंय, पोटाचे दोन भाग जेवणाचे, एक पाण्याचा आणि एक रिकामा ठेवायचा."

"ते वेगळं गं."

"डॉक्टर मामूंना म्हणाले होते, अब्बूंना आणायला उशीर केलात. मी दाराशीच होते." तिने पहिल्यांदा वर बघितलं. "म्हणून तुला आधीच देतेय."

हुमेरा परातीपाशी बसली. चपला बाजूला पडल्या.

"त्यांना आजार कमी करत होता," ती म्हणाली. "मी माझी मी कमी होतेय. तुझ्याजवळ राहता यावं म्हणून."

"कशावरून?"

मॅडमनी शिकवलेलं सगळं हुमेराने मनात चाचपून बघितलं. या प्रश्नाला त्यात उत्तर नव्हतं. खोटं मात्र जिभेवर तयार होतं. मला काही होणार नाही. असंच तिने तौसिफच्या वेळीही मुलीला सांगितलं होतं, अब्बूंना काही होणार नाही.

"माहीत नाही," ती म्हणाली. "मलापण भीती वाटते."

शिफाने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. रडली नाही.

"पळून दाखव."

"काय?"

"अब्बूंना पळता येत नव्हतं. तू पळून दाखव."

हुमेराने ओढणी कमरेला गुंडाळली आणि गल्लीत उतरली. लग्नानंतर ती कधी पळाली नव्हती. पहिल्या पावलांना सगळं अंग वेगवेगळ्या दिशांना गेलं. नंदाबाई दारात भांडी घासत होत्या. राखेचा हात तसाच कपाळाला लावून ओरडल्या, "काय गं हुमेरा, गाडी तर गेली कवाच! कुणामागं पळतीस?"

"कुणामागं न्हाई, मावशी!"

"मग पुढं तरी बघ, म्हस बसलीय!"

म्हशीला वळसा घालून ती पाण्याच्या टाकीपर्यंत गेली आणि उलटी फिरली. बरगडीत कळ आली. कानात नुसते ठोके ऐकू येत होते. विजेच्या खांबापाशी पाय अडले. गुडघ्यांवर हात टेकून ती वाकली आणि डोळ्यांपुढे काळं झालं. हेच ते, असं पुन्हा मनात आलं.

तिने मान वर केली. शिफा उंबऱ्यावर उभी होती. कणकेचे हात अंगापासून दूर धरलेले, चेहऱ्यावर रंग नाही.

हुमेरा सरळ झाली. हसायला गेली, पण दमच नव्हता.

"हळू पळ, अम्मी," शिफा तिथूनच ओरडली. तिचा आवाज फाटला. "पण थांबू नको."