लाल रिबिनी

बालकल्याण समितीच्या पत्राला सोनबांनी उत्तर धाडलंच नव्हतं. आईबाप गेलेल्या नातीला सांभाळणार का, नाहीतर ती दत्तक जाईल, असं त्यात होतं. घरात बाईमाणूस नाही, पोरीच्या वेण्याही आपल्याला जमायच्या नाहीत, परक्यांकडेच तिचं भलं होईल, या विचारानं पेन दरवेळी अडायचं. आज निरवांगीहून ते तिला भेटायला बारामतीच्या बालगृहात आले, तेव्हा ती शाळेला निघत होती. पाठमोरी बसून तिनं लाल रिबिनी पुढं केल्या. "आबा, घाला की वेण्या!" मेंढरांमागे हिंडताना लोकरीच्या गोफणी विणलेली बोटं केसांत सवयीनं चालू लागली. "हळू! मी मेंढरू हाय व्हय?" वेण्या ओढून पाहत ती हसली. "लई पक्क्या. आता रोज कोण घालणार?" "मीच," आबा बोलून गेले. पोस्टात उभ्याउभ्याच होकार लिहून त्यांनी तो पेटीत टाकला.