‘नाही’ आणि ‘माहीत नाही’

ती हॉस्पिटलच्या संगणक विभागात होती; पेशंटच्या नोंदींचा पायथन भाषेतला प्रोग्राम तिनेच लिहिला होता. ‘पेशंट’ या क्लासमध्ये, म्हणजे पेशंटच्या माहितीच्या साच्यात, एखादी माहिती सापडली नाही, की ती शोधायला फंक्शन नावाचा प्रोग्रामचा एक तुकडा धावायचा. पण शोधताना तो न सापडणारीच दुसरी गोष्ट मागायचा आणि पुन्हा स्वतःलाच हाक मारायचा. या गरगरण्यात स्क्रीन बंद पडायची आणि सिस्टर वैतागायच्या.

"सापडलं नाही तर सरळ एरर दे," शेजारच्या टेबलावरचा जुना सहकारी म्हणाला.

"लाल अक्षरं दिसली की सगळ्या मलाच फोन करतात. त्यापेक्षा ‘नाही’ म्हणून मोकळं होऊ दे."

एका ओळीत काम झालं: माहिती सापडली नाही, की उत्तर ‘नाही’. त्यानंतर स्क्रीन एकदाही अडकली नाही. साहेबांनी पाठ थोपटली.

तिसऱ्या आठवड्यात तापाने फणफणलेला एक सुतार दाखल झाला. गडबडीत त्याचा ॲलर्जीचा रकाना कुणी भरलाच नाही. सिस्टरने स्क्रीनवर वाचलं, ‘पेनिसिलिनची ॲलर्जी: नाही’, आणि इंजेक्शन दिलं. वीस मिनिटांत माणूस गेला.

चौकशीच्या दिवशी तिने ती ओळ स्वतःच सगळ्यांना दाखवली. समोर बसलेल्या सुताराच्या बायकोला त्यातलं अक्षरही कळलं नाही.



"मी दाराबाहेरच बसले होते हो," ती बाई म्हणाली. "ह्यांना ते इंजेक्शन चालत नाही, मला पाठ होतं. मला कुणी विचारलंच नाही."